विघटनासाठी ऊर्जा कशाला? युबिक्विटिनच्या शोधाचा इतिहास

विसाव्या शतकाचा मध्य ओलांडल्यावर पुढील दोन-तीन दशके जीवशास्त्राचे लक्ष प्रामुख्याने घडणीकडे लागलेले होते. १९५३ मध्ये डीएनएच्या रेणूची रचना उलगडली, १९६१ ते १९६६ या काळात जनुकीय संकेतावली वाचून झाली, आणि जनुकातील आदेशानुसार अमिनो आम्लांची साखळी, म्हणजेच प्रथिन, कशी गुंफली जाते हे टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत गेले. तयार झालेले प्रथिन पुढे किती काळ टिकते आणि त्याचा शेवट कोण, केव्हा व कसा करते, हे प्रश्न मात्र दुय्यम मानले गेले, कारण विघटन ही झिजेसारखी आपोआप घडणारी बाब असून तिला नियमनाची गरज नाही, असे बहुतेक संशोधकांनी गृहीत धरले होते. हे गृहीतक ज्या संशोधनाने मोडून काढले त्याच्या मुळाशी एक रासायनिक विसंगती होती : जी क्रिया स्वतःच ऊर्जा मोकळी करते, ती घडवून आणण्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च का करावी लागते?

या विसंगतीपर्यंत पोहोचण्यासाठी आधी हे मान्य व्हावे लागले की शरीरातील प्रथिने सतत मोडतात आणि पुन्हा घडतात. विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ असलेल्या कल्पनेनुसार शरीर हे एक यंत्र होते आणि अन्न हे त्याचे इंधन. यंत्राचे भाग स्थिर राहतात, त्यांची थोडीशी झीज होते आणि तेवढीच भरून काढली जाते. १९०५ मध्ये ऑटो फोलिन यांनी अन्नातून आलेल्या आणि शरीरात बांधल्या गेलेल्या प्रथिनांचा चयापचय परस्परांपासून स्वतंत्र असतो, असे प्रतिपादन केले होते व ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. त्याला छेद दिला तो रुडॉल्फ शोनहाइमर यांनी. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि फ्रायबुर्ग येथे काम करणारे हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ १९३३ मध्ये नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले. जड हायड्रोजनचा शोध लावणारे हॅरल्ड युरी त्याच विद्यापीठात होते, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून शोनहाइमर यांना प्रथम जड हायड्रोजन व नंतर नायट्रोजन-१५ हे जड समस्थानिक मिळू लागले. समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वस्तुमानात भिन्न पण रासायनिक वर्तनात जवळजवळ सारखे असणारे अणू. त्यामुळे अशा अणूने खूण केलेले अमिनो आम्ल शरीर नेहमीप्रमाणेच वापरते आणि संशोधकाला मात्र त्याचा माग काढता येतो.

शोनहाइमर आणि त्यांचे सहकारी डेव्हिड रिटेनबर्ग यांनी वजन स्थिर असलेल्या प्रौढ उंदरांना नायट्रोजन-१५ असलेले ल्युसिन हे अमिनो आम्ल खाऊ घातले. जुनी कल्पना खरी असती तर हा नायट्रोजन जवळजवळ सगळाच्या सगळा मूत्रावाटे बाहेर पडायला हवा होता. प्रत्यक्षात त्यातील निम्म्याहून अधिक भाग उंदरांच्या ऊतींमधील प्रथिनांत जाऊन बसलेला आढळला. उंदरांचे वजन वाढलेले नव्हते, त्या अर्थी जेवढे नवे प्रथिन घडले तेवढेच जुने मोडले होते. या निष्कर्षांवर हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याने देण्याची तयारी चालू असतानाच सप्टेंबर १९४१ मध्ये शोनहाइमर यांचा मृत्यू झाला आणि ती व्याख्याने १९४२ मध्ये सहकाऱ्यांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. एवढ्या स्पष्ट पुराव्यानंतरही वाद संपला नाही. १९५५ मध्ये हॉगनेस, कोन आणि जॅक मोनो यांनी वाढत्या जिवाणूंमधील एक प्रथिन अजिबात मोडत नाही असे दाखवून, सस्तन प्राण्यांत दिसणारी उलाढाल कदाचित पेशींच्या मृत्यूमुळे किंवा स्रावांमुळे भासत असावी, अशी शंका उपस्थित केली, आणि मोनो यांच्या अधिकाराचे वजन एवढे होते की ही शंका बरीच वर्षे टिकली.

त्याच वर्षी बेल्जियममधील लूव्हाँ येथे ख्रिश्चन द दुव्ह यांनी लायसोसोम या पेशीअंगकाचे वर्णन केले. पटलाने वेढलेल्या या सूक्ष्म पिशवीत आम्लधर्मी वातावरणात काम करणारी पाचक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, साठवलेली असतात. प्रथिने मोडण्याची जागा सापडली असे सर्वांना वाटले, आणि हा प्रश्न सुटल्यातच जमा झाला. परंतु साठच्या दशकात वेगवेगळ्या प्रथिनांचे अर्धायुष्य, म्हणजे त्यांचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, मोजले जाऊ लागले तेव्हा एकाच पेशीतील काही प्रथिने काही मिनिटांत तर काही कित्येक दिवसांनी नाहीशी होतात, असे दिसून आले. जी पिशवी पेशीद्रवाचा घास सरसकट घेते आणि आतले सगळे पचवते, तिला असा भेद करणे कसे शक्य होते, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. पुढे सत्तरच्या दशकात ब्रायन पूल यांनी लायसोसोमचे काम रोखणारे क्लोरोक्विन वापरून दाखवले की बाहेरून आत घेतलेल्या प्रथिनांचे पचन त्यामुळे थांबते, पण पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांच्या विघटनावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

ऊर्जेची विसंगती याहून जुनी होती. दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध पाण्याच्या साहाय्याने तुटतो तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. जठरातील पेप्सिन किंवा स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन अन्नातील प्रथिने कोणत्याही बाह्य ऊर्जेविना तोडतात. असे असताना १९५३ मध्ये मेल्विन सिम्पसन यांनी उंदराच्या यकृताच्या पातळ कापांवर प्रयोग करून दाखवले की पेशीचा ऊर्जापुरवठा रोखला की प्रथिनांतून अमिनो आम्ले सुटी होण्याचे प्रमाणही घटते. ऊर्जा म्हणजे येथे एटीपी, पेशीत सर्वत्र वापरला जाणारा ऊर्जावाहक रेणू. या निरीक्षणाला तेव्हा फारसा वाचक लाभला नाही, कारण ज्या काळी प्रथिनांचे विघटन हाच वादाचा विषय होता त्या काळी त्याला लागणाऱ्या ऊर्जेचा विचार कोण करणार? तरीही एका माणसाच्या मनात ते घर करून राहिले. येल येथे सिम्पसन यांचे सहकारी असलेले अर्विन रोझ हे विकरांच्या क्रियापद्धतीचे अत्यंत काटेकोर अभ्यासक होते, आणि पुढे फिलाडेल्फियातील फॉक्स चेस कर्करोग केंद्रात गेल्यावरही त्यांनी हा प्रश्न सोडला नव्हता.

दुसरा माणूस होता अव्राम हेर्शको. १९३७ मध्ये हंगेरीतील कार्त्सॅग या गावी जन्मलेले हेर्शको १९४४ मध्ये कुटुंबासह हद्दपार झाले, छळछावण्यांच्या त्या काळातून वाचले आणि १९५० मध्ये इस्रायलला पोहोचले. जेरुसलेममध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतल्यानंतर १९६९ ते १९७१ या काळात त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे गॉर्डन टॉमकिन्स यांच्याकडे काम केले. टॉमकिन्स यांची प्रयोगशाळा टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज या यकृतातील विकराचे प्रमाण संप्रेरकांमुळे कसे वाढते याचा, म्हणजे पुन्हा घडणीचाच, अभ्यास करीत होती. हेर्शको यांनी त्या विकराच्या विघटनाकडे मोर्चा वळवला आणि पेशींमधील एटीपी नाहीसा केल्यास ते विघटन थांबते असे त्यांना आढळले. सिम्पसन यांचे निरीक्षण आता एका ठरावीक प्रथिनाबाबत पुन्हा सिद्ध झाले होते. १९७१ मध्ये हैफा येथील टेक्निऑन संस्थेच्या नव्या वैद्यक विद्याशाखेत परतताना हेर्शको यांनी हाच प्रश्न सोबत नेला. वैज्ञानिक घडामोडींच्या मुख्य केंद्रांपासून दूर असलेल्या प्रयोगशाळेने चलतीचे विषय टाळून असा एकाकी प्रश्न धरून ठेवावा, हा निर्णय या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जिवंत पेशीत एटीपी कमी केला तर असंख्य क्रिया एकाच वेळी बिघडतात. तेव्हा ऊर्जेचा नेमका उपयोग कळण्यासाठी पेशी फोडून, तिच्यातील द्रवात हीच क्रिया परीक्षानळीत घडवून आणणे आवश्यक होते. ही वाट १९७७ मध्ये हार्वर्डमधील जोसेफ एटलिंगर आणि आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी मोकळी केली. त्यांनी सशाच्या रेटिक्युलोसाइट, म्हणजे अपरिपक्व तांबड्या रक्तपेशी, निवडल्या. या पेशी परिपक्व होताना आपली बहुतेक अंगके गमावतात आणि त्यांच्यात लायसोसोम राहत नाहीत, तरीही सदोष हिमोग्लोबिन त्या झपाट्याने मोडून टाकतात हे ठाऊक होते. एटलिंगर व गोल्डबर्ग यांनी अशा पेशींच्या द्रवात एटीपी घातल्यावर सदोष प्रथिनांचे विघटन होते, आणि तेही आम्लधर्मी नसलेल्या माध्यमात, असे दाखवले. लायसोसोमखेरीज दुसरी यंत्रणा अस्तित्वात आहे याचा हा निर्णायक पुरावा होता.

हैफामध्ये हेर्शको आणि त्यांचे संशोधक विद्यार्थी आरोन सिएखानोव्हर यांनीही हेच द्रव्य हाताशी घेतले. १९४७ मध्ये हैफा येथेच जन्मलेले सिएखानोव्हर वैद्यकाची पदवी घेऊन, लष्करी सेवा संपवून जीवरसायनशास्त्राकडे वळले होते. त्यांच्यापुढची पहिली अडचण अशी होती की या द्रवातील बहुतांश प्रथिन हिमोग्लोबिनच असते आणि त्याच्या गर्दीत दुसरे काहीच वेगळे काढता येत नाही. म्हणून त्यांनी तो द्रव विद्युतभारित सेल्युलोजच्या स्तंभातून जाऊ दिला. हिमोग्लोबिन त्यातून न अडकता वाहून गेले. त्याला त्यांनी पहिला अंश म्हटले. स्तंभाला चिकटलेली प्रथिने तीव्र क्षारद्रावाने सोडवून घेतली. तो दुसरा अंश. प्रथिने तोडणारे विकर दुसऱ्या अंशात मिळेल अशी अपेक्षा होती, परंतु एकट्याने दोन्ही अंश निष्क्रिय ठरले आणि दोन्ही एकत्र करताच विघटन पुन्हा सुरू झाले. त्या वेळेपर्यंत प्रथिने तोडणारे प्रत्येक ज्ञात विकर एकट्याने काम करीत असे. येथे एकापेक्षा अधिक घटकांची यंत्रणा होती, आणि तिचा एक घटक टाकून देण्याच्या हिमोग्लोबिनबरोबर वाहून जात होता.

त्या घटकाला हिमोग्लोबिनपासून वेगळे करण्याचे नेहमीचे मार्ग थकले, तेव्हा पहिला अंश सरळ उकळत्या तापमानापर्यंत तापवण्यात आला. बहुतेक प्रथिने उष्णतेने आपला आकार गमावून साकळतात, आणि हिमोग्लोबिनही तसेच साकळून गाळ होऊन खाली बसले. वर राहिलेल्या निवळ द्रवात मात्र ती क्रियाशीलता शाबूत होती. उष्णता सोसणारा हा लहान पॉलिपेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात वर्णन केला गेला, आणि पुढे त्याला एपीएफ-१ असे नाव मिळाले, ज्याचा अर्थ एटीपीवर अवलंबून असलेल्या विघटनाचा पहिला घटक एवढाच होता. हा निबंध तेव्हा कोणाच्या फारसा डोळ्यांत भरला नाही.

१९७७-७८ मध्ये हेर्शको रजा घेऊन फॉक्स चेस येथे रोझ यांच्याकडे गेले आणि त्यानंतरही उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत सिएखानोव्हर यांच्यासह तेथे जात राहिले. एपीएफ-१ हा विघटन करणाऱ्या विकराला चालना देणारा सहायक असावा, असा त्यांचा समज होता. तो तपासण्यासाठी त्यांनी एपीएफ-१ ला किरणोत्सारी आयोडीनची खूण केली आणि एटीपीच्या उपस्थितीत दुसऱ्या अंशात मिसळले. खूण आता मोठ्या वजनाच्या रेणूंबरोबर आढळू लागली. सैल जोडणी असती तर प्रथिनांचा आकार मोडणाऱ्या द्रव्यांनी, आम्लाने किंवा अल्कलीने ती सुटली असती. ती सुटली नाही. रोझ यांच्याकडील आर्थर हास यांनी हे कठोर उपचार करून पाहिल्यावर निष्कर्ष टाळता येण्यासारखा राहिला नाही : एपीएफ-१ दुसऱ्या प्रथिनांना सहसंयुज बंधाने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून बनणाऱ्या पक्क्या रासायनिक बंधाने, जोडले जात होते. एक प्रथिन दुसऱ्या प्रथिनाच्या अंगावर बांधले जावे ही गोष्ट तेव्हा फारच अपरिचित होती. त्यानंतर असे दिसले की ज्यांना एपीएफ-१ जोडले जाते ती प्रथिने म्हणजे मोडली जाणारी प्रथिनेच आहेत, आणि एकेका प्रथिनावर एपीएफ-१ चे अनेक रेणू चढतात.

१९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या दोन शोधनिबंधांनी हे मांडले. या दोन निबंधांतील पहिल्यावर रोझ यांचे नाव नाही, ही नोंद त्यांच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगून जाते. दुसऱ्या निबंधात मांडलेला सिद्धान्त असा की एटीपीची ऊर्जा बंध तोडण्यासाठी खर्च होत नाही. कोणते प्रथिन मोडायचे हे ठरवून त्यावर खूण बांधण्यासाठी ती खर्च होते. सिम्पसन यांच्यापासून सत्तावीस वर्षे रेंगाळलेल्या विसंगतीचा अर्थ अखेर लागला होता : विघटन स्वस्त असते, निवड महाग असते, आणि निवडीवाचून विघटन पेशीला परवडणारे नसते.

त्याच वर्षी एपीएफ-१ ची ओळखही पटली. रोझ यांच्या शेजारच्या प्रयोगशाळेतील मायकेल अर्बन यांना ही हकीकत ऐकताच एक जुने उदाहरण आठवले. १९७५ मध्ये गिडिऑन गोल्डस्टीन यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतून एक लहान प्रथिन वेगळे केले होते आणि ते नाना प्रकारच्या सजीवांत आढळल्यामुळे त्याला युबिक्विटिन हे नाव दिले होते. १९७७ मध्ये गोल्डनॉफ आणि बुश यांनी डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांपैकी एकावर हेच युबिक्विटिन सहसंयुज बंधाने जोडलेले असते असे दाखवले होते. कीथ विल्किन्सन, अर्बन आणि हास यांनी दोन्ही द्रव्ये शेजारी ठेवून तपासली आणि ती एकच असल्याचे सिद्ध केले. युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचे असते, आणि मानवातील व यीस्टमधील युबिक्विटिनमध्ये त्यांपैकी फक्त ३ जागी फरक आहे. इतक्या दीर्घ उत्क्रांतीत जे जवळजवळ बदललेच नाही, त्याच्या कामात बदलाला वाव नसणार, हे अनुमान येथे सहज निघते.

पुढील तीन वर्षांत हैफा येथे ही जोडणी करणारी विकरे एकेक करून वेगळी काढण्यात आली. युबिक्विटिनच स्तंभाला बांधून त्यावर पेशीद्रव सोडला असता त्याच्याशी जोडले जाणारे विकर अडकून राहत असे. १९८३ पर्यंत तीन विकरांची साखळी स्पष्ट झाली. पहिले विकर, ई-१, एटीपी खर्च करून युबिक्विटिनचे टोक क्रियाशील बनवते आणि गंधकाच्या अणूमार्फत स्वतःवर धारण करते. दुसरे, ई-२, ते आपल्याकडे घेते. तिसरे, ई-३, मोडायचे प्रथिन ओळखते आणि युबिक्विटिनचे टोक त्या प्रथिनातील लायसिन या अमिनो आम्लाला जोडवून देते. मानवात ई-१ प्रकारची विकरे २, ई-२ प्रकारची तीस-चाळीस आणि ई-३ प्रकारची सहाशेहून अधिक आहेत, हे नंतर कळले. निवडीची खरी जबाबदारी ई-३ वर असते, हे या संख्यांच्या उतरंडीवरूनच लक्षात येते.

परीक्षानळीतील रसायन जिवंत पेशीतही तसेच चालते का, हा प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर देण्याचे श्रेय अलेक्झांडर वार्शाव्स्की यांचे आहे. १९७७ मध्ये सोव्हिएत संघ सोडून आलेले वार्शाव्स्की एमआयटी येथे काम करीत होते. जपानमध्ये उंदराच्या पेशींचा एक उत्परिवर्ती वाण सापडला होता, ज्यात तापमान वाढवले की हिस्टोनवरील युबिक्विटिन नाहीसे होई. यात ई-१ सदोष असावे हे वार्शाव्स्की यांनी ताडले, आणि १९८४ मध्ये डॅनियल फिन्ली, सिएखानोव्हर व त्यांनी मिळून दाखवले की अशा पेशींमध्ये तापमान वाढवताच अल्पायुषी प्रथिनांचे विघटन बहुतांशी थांबते आणि पेशींचे विभाजनही खुंटते. १९८९ मध्ये त्यांच्या गटाने खुणेची रचनाही उलगडली : युबिक्विटिनमधील ४८ व्या स्थानावरच्या लायसिनला पुढचे युबिक्विटिन जोडले जाऊन जी माळ तयार होते, तीच विघटनाचा आदेश असते.

प्रत्यक्ष तोडणी करणाऱ्या यंत्रणेचा शोध वेगळ्या दिशेने आला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी शेर्विन विल्क आणि मॅरियन ऑर्लोव्स्की यांनी अनेक प्रकारे प्रथिने तोडणारा एक अवाढव्य संकुल रेणू वर्णिला होता. १९८६-८७ मध्ये मार्टिन रेक्स्टायनर यांच्या गटाने युबिक्विटिन जोडलेली प्रथिने मोडणारा त्याहून मोठा संकुल वेगळा केला, आणि १९८८ मध्ये गोल्डबर्ग व सहकाऱ्यांच्या निबंधातून प्रोटिएसोम हे नाव रूढ झाले. त्याच्या गाभ्याची स्फटिकरचना १९९५ मध्ये जर्मनीत उलगडली. एकावर एक अशी चार कडी, प्रत्येकात सात उपघटक, आणि तोडणारी केंद्रे आतल्या पोकळीत दडलेली. प्रवेशमार्ग एवढा अरुंद की घडी उलगडल्याशिवाय प्रथिनाला आत जाता येत नाही. ते उलगडून आत ढकलण्याचे काम टोकावरची टोपी करते आणि त्यासाठी पुन्हा एटीपी लागतो. युबिक्विटिन सुटे करून पुन्हा वापरले जाते. म्हणजे जुन्या विसंगतीची उत्तरे दोन होती. ज्या जिवाणूंत युबिक्विटिन नसते त्यांच्यातही एटीपीवर चालणारे विघटन आहे, असे गोल्डबर्ग आग्रहाने सांगत असत आणि त्यांच्या गटाने १९८१ मध्ये तसे विकर दाखवूनही दिले होते. त्यांचा हा आग्रह प्रोटिएसोमच्या रचनेने सार्थ ठरवला.

नव्वदच्या दशकात या यंत्रणेचा आवाका उमगला. टिम हंट यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत सागरी अर्चिनच्या अंड्यांत प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होणारे सायक्लिन हे प्रथिन पाहिले होते. १९९१ मध्ये मायकेल ग्लॉट्झर, अँड्र्यू मरे व मार्क कर्शनर यांनी ते युबिक्विटिनमार्फत मोडले जाते असे दाखवले. हेर्शकोही वुड्स होल येथे कालवांच्या अंड्यांवर याच प्रश्नावर काम करीत होते, आणि सायक्लिनवर खूण करणारा ई-३ संकुल १९९५ मध्ये त्यांच्या व कर्शनर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे शोधला. पेशीचक्र मागे फिरत नाही, कारण त्याचा प्रत्येक टप्पा एखाद्या प्रथिनाच्या नाशाने बंद होतो. याच सुमारास, १९९० मध्ये, मार्टिन शेफनर आणि पीटर हाउली यांच्या गटाने मानवी पॅपिलोमा विषाणूचे ई-६ प्रथिन पेशीच्या या यंत्रणेलाच वेठीस धरून, कर्करोगाला आवर घालणारे पी-५३ प्रथिन नष्ट करवते, हे उघड केले. भारतीय स्त्रियांत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे याच विषाणूचे काही प्रकार असतात.

२००० मध्ये हेर्शको, सिएखानोव्हर आणि वार्शाव्स्की यांना लास्कर पुरस्कार मिळाला, तर २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेर्शको, सिएखानोव्हर आणि रोझ यांना विभागून देण्यात आले. तिघांहून अधिकांना पारितोषिक देता येत नाही आणि समितीने रासायनिक शोधाला मान दिला, हे समजण्यासारखे आहे. तथापि या शोधाचे जैविक महत्त्व प्रस्थापित करणारे वार्शाव्स्की आणि परीक्षानळीतील पहिली वाट दाखवणारे गोल्डबर्ग यांच्यावाचून हा इतिहास अपुरा राहतो.

गोल्डबर्ग यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या कंपनीत कर्करोग्यांच्या स्नायूंचा ऱ्हास रोखण्यासाठी प्रोटिएसोमला अटकाव करणारी द्रव्ये शोधली जात होती. त्यांतून ज्युलियन अ‍ॅडम्स यांच्या देखरेखीखाली बोरॉनचा अणू असलेले बॉर्टेझोमिब तयार झाले, आणि मे २००३ मध्ये अमेरिकेत ते बहुविध मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. या रोगातील पेशी प्रतिपिंडांचे प्रथिन एवढ्या प्रचंड प्रमाणात बनवतात की निकामी प्रथिनांचा निचरा थांबताच त्या मरतात. दरम्यान २००१ मध्ये क्रेग क्रूज आणि रेमंड डेशे यांच्या गटांनी एका टोकाने ई-३ ला आणि दुसऱ्या टोकाने इच्छित प्रथिनाला धरणारा रेणू बनवला, आणि बेडकाच्या अंड्यांच्या द्रवात त्याने एरवी न मोडणाऱ्या प्रथिनावर युबिक्विटिन चढवून त्याचे विघटन घडवले. या तत्त्वावर बनवलेल्या औषधांच्या रुग्णांवरील चाचण्या २०१९ पासून सुरू आहेत.